जोग्येसाच्या अंगणातील दिवे

दिव्यांचा उत्सव म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आश्विनातील अमावास्या उभी राहते. अंधार जितका दाट, तितके दिव्याचे मोल अधिक, असा त्यामागील साधा विचार आहे. कोरियातील दीपोत्सव मात्र वाढत्या चंद्राच्या दिवसांत येतो. तेथील चांद्र पंचांगात महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी भगवान बुद्धांची जयंती साजरी होते. आपल्या भाषेत सांगायचे तर शुक्ल अष्टमीला. भारतात हीच जयंती वैशाखी पौर्णिमेला असते. दक्षिण कोरियात हा दिवस १९७५ पासून सार्वजनिक सुट्टीचा आहे. त्याच्या काही दिवस आधी, आठवड्याच्या अखेरीस, राजधानी सोलच्या रस्त्यांवरून कंदिलांची जी मिरवणूक निघते, तिला ‘यॉन्दुंगह्वे’ म्हणतात.

या नावात एक गंमत दडलेली आहे. ‘यॉन्दुंग’ हा उच्चार दोन वेगवेगळ्या शब्दांचा आहे. एकाचा अर्थ दिवा उजळणे, तर दुसऱ्याचा अर्थ कमळाच्या आकाराचा दिवा. उत्सवाचे मूळ नाव पहिल्या अर्थाचे आहे. परंतु मिरवणुकीत कमळेच इतकी असतात की लोकांच्या तोंडी दोन्ही अर्थ एक होऊन गेले आहेत.

परंपरा जुनी आहे. सिल्ला राज्याचा राजा ग्यॉन्गमुन इ. स. ८६६ मध्ये वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला ह्वांगन्योंगसा या विहारात दिवे पाहण्यास गेला, अशी नोंद तेथील प्राचीन इतिहासग्रंथात आहे. पुढे कोर्यो राजवटीत या उत्सवाला राज्याश्रय मिळाला. त्या काळातील मुले काठीला कागदी पताका बांधून राजधानीच्या गल्ल्यांतून आरोळ्या देत फिरत आणि दिव्यांच्या खर्चासाठी घरोघरी तांदूळ व कापड मागत. वर्गणीची ही रीत मराठी मुलांना परकी वाटू नये! १३९२ मध्ये जोसॉन राजवट आली, कन्फ्यूशियसच्या विचाराला राजमान्यता मिळाली आणि राजवाड्यातील दीपोत्सव थांबला. घरातील मात्र थांबला नाही. घरात जितकी मुले, तितके कंदील उंच काठीवर टांगायचे, अशी रीत सामान्य माणसांनी जपली. कंदिलांचे आकारही घरगुती असत. कमळ, कासव, मासा, कलिंगड, डाळिंब आणि चक्क लसणाचा गड्डासुद्धा!

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. योगायोग असा की त्याच वर्षी महामारीमुळे मिरवणूक निघू शकली नव्हती. ज्या वर्षी जगाने मान दिला, त्या वर्षी रस्ता अंधारात होता. २०२२ मध्ये दिवे पुन्हा रस्त्यावर आले.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात जयसिंगपूरच्या एक निवृत्त शिक्षिका हा उत्सव पाहण्यास सोलमध्ये होत्या. खरे म्हणजे त्या उत्सवासाठी गेल्याच नव्हत्या. गावात सारे त्यांना ‘बाई’ म्हणत. आदल्या श्रावणात त्यांचे यजमान गेले. गावात त्यांचे कापडाचे दुकान होते. घरीदारी त्यांना ‘आप्पा’ म्हणत. पहाटे छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते. एकुलता एक मुलगा नोकरीनिमित्त सोलमध्ये. त्याला मिळालेले पहिले विमान दुसऱ्या दिवशी पोहोचणार होते. देह इतका वेळ ठेवायचा की नाही, असा प्रश्न जमलेल्या मंडळींनी बाईंनाच विचारला. प्राण गेल्यानंतर देहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून विलंब करू नये, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या आणि पाठशाळेत शिकवतही आल्या होत्या. ‘थांबू नका,’ असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा ओसरीवर फक्त सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

त्याने त्याविषयी आईला एक शब्दही विचारला नाही. तेरा दिवस राहिला, दुकानाचे हिशेब मिटवले, कागदपत्रांवर सह्या केल्या आणि परत गेला. पुढे रोज फोन येत असे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, हे सर्व त्यात असे. त्या एका दिवसाविषयी मात्र दोघांपैकी कोणीही बोलत नसे. न बोललेली गोष्ट घरात एखाद्या जड पेटीसारखी असते. तिला वळसा घालून माणसे ये-जा करीत राहतात, आणि काही दिवसांनी वळसा घालण्याचीच सवय होते.

वैशाखात मुलाने तिकीट पाठवले, तेव्हा बाईंनी बऱ्याच सबबी सांगितल्या. परदेशात सूर्यास्तापूर्वी जेवण कसे जमेल, पाणी गाळून कसे मिळेल, भाजीत काय पडते कोणास ठाऊक. सुनेने प्रत्येक सबबीला उत्तर दिले. ‘आई, तुम्ही याच. इथं सूर्य साडेसातपर्यंत मावळतच नाही,’ असे तिने फोनवर सांगितले आणि त्या युक्तिवादापुढे बाई निरुत्तर झाल्या.

मिरवणूक शनिवारी होती. घरून सहा वाजता जेवून, तोंड धुऊन सर्वजण निघाले. सोलच्या जुन्या पूर्व दरवाजापासून, म्हणजे हुंगिन्जिमुनपासून, जोंगनो नावाच्या हमरस्त्याने जोग्येसा विहारापर्यंत मिरवणुकीचा मार्ग असतो. एरवी बसगाड्यांनी भरलेला तो रुंद रस्ता त्या संध्याकाळी वाहनांना बंद होता. कडेला खुर्च्यांच्या ओळी मांडल्या होत्या. बाईंची सात वर्षांची नात तेथील शाळेत जात असल्याने तिची कोरियन भाषा आईवडिलांपेक्षाही स्वच्छ होती. तिने एका स्वयंसेविकेला काहीतरी सांगितले आणि ‘हाल्मोनी’साठी, म्हणजे आजीसाठी, पहिल्याच ओळीत जागा मिळवली.

प्रथम वाद्ये आली, मग पताका, आणि मग दिवे. पारंपरिक हानबोक नेसलेल्या स्त्रिया हातात गुलाबी कमळे घेऊन संथपणे चालत होत्या. त्यांच्यामागे शाळकरी मुले, वृद्ध, चाकांच्या खुर्चीत बसलेली माणसे, करड्या वस्त्रांतील भिक्षू आणि भिक्षुणी. प्रत्येक विहाराच्या मंडळींचा कंदील वेगळा. मधूनच हान्जी कागदाचे भव्य देखावे येत होते. दात पुढे काढलेला शुभ्र हत्ती आला, तोंडातून धूर सोडणारा ड्रॅगन आला, चार दिशांचे चार रक्षक आले. हान्जी हा कागद तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून करतात. तो चिवट असतो आणि आतील प्रकाश त्यातून दुधासारखा झिरपतो. पांढरा हत्ती पाहून बाई नातीला म्हणाल्या, ‘हा स्वप्नातला हत्ती बरं का. बुद्धांच्या आईला पडलेलं स्वप्न.’ नातीने विचारले, ‘महावीरांच्या आईच्या स्वप्नात पण हत्ती होता ना?’ ‘होता की,’ आजी म्हणाली, ‘मोठ्या आयांना हत्ती दिसतातच.’

श्रीलंका, थायलंड, नेपाळ येथून कामासाठी कोरियात आलेली माणसेही आपापल्या देशाचा पोशाख करून मिरवणुकीत चालत होती. कारखान्यांतून, शेतांतून राबणारी ही माणसे त्या एका संध्याकाळी रस्त्याच्या मधून चालत होती आणि शहर कडेला उभे राहून त्यांना हात जोडत होते. नमस्काराची रीत तीच होती, दोन्ही तळवे जुळवून छातीशी. बाईंनाही कोणीतरी तसाच नमस्कार केला. त्यांच्या ओठांवर सवयीने ‘जय जिनेंद्र’ आले. समोरच्या वृद्धेने उत्तरादाखल काही म्हटले, त्याचा अर्थ नातीने सांगितला, ‘ती म्हणते, तुम्ही बुद्ध व्हा.’ बाईंना क्षणभर हसू आले आणि मग ते विरले. भेटणाऱ्याला दीर्घायुष्य नव्हे, धन नव्हे, थेट ज्ञानप्राप्ती चिंतायची, हा शिष्टाचार त्यांना मनापासून आवडला.

आणखी एका गोष्टीने त्यांना बरे वाटले. हातातील त्या हजारो कंदिलांत मेणबत्ती नव्हती, बॅटरीवरचा लहानसा दिवा होता. ज्योतीवर झेपावून मरणाऱ्या पतंगांचा विचार करून घरी उघडा दिवा न ठेवणाऱ्या बाईंना हा बदल पटला. मिरवणूक संपल्यावर जोंगगाकच्या चौकात वरून गुलाबी पाकळ्यांचा वर्षाव झाला, तेव्हाही त्यांनी खाली वाकून एक पाकळी उचलली आणि बोटांत चोळून पाहिली. कागदाची होती. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. चौकात अनोळखी माणसे एकमेकांचे हात धरून मोठमोठी वर्तुळे करून नाचू लागली. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्त्रिया पौर्णिमेच्या चांदण्यात जो फेर धरतात, त्याच्याच चालीचा हा नाच होता. सून आणि नात त्यात ओढल्या गेल्या. बाई आणि मुलगा कडेला राहिले. दोघांनाही काहीतरी बोलता आले असते. गोंगाट फार होता, असे दोघांनीही मनाशी म्हटले असावे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जोग्येसासमोरील रस्त्यावर उत्सवाची जत्रा भरते. जोग्येसा हे कोरियातील सर्वांत मोठ्या बौद्ध संघाचे मुख्य स्थान आहे. विहार अगदी शहराच्या पोटात आहे; भोवती कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती आणि मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षांचा एक विशाल वृक्ष. या दिवसांत त्या वृक्षापासून मुख्य मंदिराच्या छपरापर्यंत रंगीत कंदिलांचे छत पसरलेले असते. खाली उभे राहिले की आकाश दिसत नाही, फक्त रंग दिसतो. प्रत्येक कंदिलाखाली एक कागदी पट्टी लोंबत असते आणि तिच्यावर ज्याच्यासाठी दिवा लावला त्याचे नाव असते.

रस्त्यावरील एका मंडपात कमळाचा कंदील करायला शिकवत होते. कागदी पाकळीचे टोक पिळायचे, तळाला खळ लावायची आणि एकेक पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेवर बसवत जायचे; शेवटी खालच्या बाजूने हिरवी पाने. आकाशकंदिलासाठी कामट्या तासण्यात आणि खळ शिजवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या बाईंना शिकवण्याची गरज पडली नाही. त्यांचा कंदील नातीच्या आधी तयार झाला. शिकवणारी मुलगी चकित होऊन पाहत राहिली.

तिनेच मग नातीला दिव्याची गोष्ट सांगितली आणि नातीने ती आजीला मराठीत सांगितली. एका नगरीत राजाने आणि श्रीमंतांनी बुद्धांच्या वाटेवर मोठमोठे दिवे लावले. एका गरीब बाईने दिवसभर भीक मागून मिळालेल्या पैशांत थोडे तेल घेतले आणि एक लहानसा दिवा लावला. पहाटेपर्यंत सारे दिवे विझले, तिचा तेवढा जळत राहिला. शिष्य तो विझवायला गेला, हाताने, वस्त्राने, तरी तो विझेना. ‘त्या गावाचं नाव सावी की काहीतरी आहे,’ नात म्हणाली. मुलाने फोनवर पाहून सांगितले, ‘श्रावस्ती.’ बाई थबकल्या. श्रावस्ती म्हणजे तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांची जन्मभूमी. पाठशाळेतील मुलांकडून त्यांनी ते नाव शेकडो वेळा पाठ करून घेतले होते. हजारो मैलांवरच्या एका रस्त्यावर, अनोळखी उच्चाराचे वेष्टन पांघरून ती नगरी त्यांना भेटली होती.

चार वाजता भुकेचा प्रश्न आला. कोरियातील रोजच्या जेवणात शाकाहारी माणसाची कठीण परीक्षा होते. भाजीच्या रश्शातही सुकवलेल्या मासळीचे पाणी असते आणि किमचीच्या बरणीत खारवलेली कोळंबी. विहारातील अन्न मात्र निराळे. तेथे मांस-मासळी नसतेच, शिवाय उग्र वासाच्या पाच वनस्पतीही वर्ज्य असतात. कारण त्या मन चाळवतात, असे मानतात. जत्रेतील अशा अन्नाच्या मांडवात एक वयस्क भिक्षुणी पाने वाढत होती. मुंडन केलेले मस्तक, करडे वस्त्र, चेहऱ्यावर शांत प्रसन्नता. बाईंना गावात चातुर्मासासाठी आलेल्या आर्यिकांची आठवण झाली.

भिक्षुणीने प्रथम पुढे केले ते कमळाच्या देठाचे, खरे तर जमिनीतील कांड्याचे, सोया रसात शिजवलेले काप. चकतीसारखे गोल, मध्ये नक्षीसारखी भोके. बाईंनी हात जोडून नकार दिला. भिक्षुणीच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला. यात मासळी नाही, लसूण नाही, असे ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. मुलगा इंग्रजीत काही समजावू लागला, तोच नात पुढे झाली. तिने कोरियन भाषेत जे सांगितले, त्याचे मराठी तिनेच मागाहून केले. ‘मी म्हटलं, पान तोडलं तर झाड राहतं. मूळ काढलं तर झाडच जातं आणि मातीतले किडे पण मरतात. म्हणून आजी मूळ खात नाही.’ कंदमुळांच्या त्यागावर बाईंनी पाठशाळेत तास तास विवेचन केले होते. एवढ्या थोडक्या शब्दांत ते कधी मांडले गेले नव्हते.

भिक्षुणी क्षणभर स्तब्ध राहिली. मग तिने ती थाळी बाजूला सरकवली आणि आतून एक हिरवी पुडी आणली. कमळाच्या पानात गुंडाळून वाफवलेला भात होता; त्यात खारका, घेवड्याचे दाणे आणि चेस्टनट नावाचे कवचाचे फळ. कमळ तेच. मूळ बाजूला राहिले आणि पान पुढे आले. बाईंनी ती पुडी उलगडली, तेव्हा पानाचा ओलसर सुगंध दरवळला आणि केळीच्या पानावरील गरम भाताची आठवण झाली.

वर्ज्य वनस्पतींची यादी ऐकताना मात्र एक विनोद घडला. लसूण, कांद्याची पात, रानपात असे करीत भिक्षुणी पाचव्या नावाशी आली. ते होते हिंग. कांदा-लसणाऐवजी आयुष्यभर ज्या हिंगावर भिस्त ठेवली, तोच तेथील वर्ज्य यादीत बसला होता! बाई मोकळेपणाने हसल्या. श्रावणानंतर आई अशी हसली नव्हती, हे मुलाने पाहिले.

जेवण संपल्यावर भिक्षुणीने एकात एक बसणारे चार वाडगे दाखवले. विहारात जेवणानंतर प्रत्येकाने आपले वाडगे थोड्या पाण्याने व लोणच्याच्या एका फोडीने पुसून ते पाणी पिऊन टाकायचे असते. अखेरच्या स्वच्छ पाण्यात एक शीतही उरता कामा नये. सुईच्या नेढ्याएवढा गळा असलेले भुकेले जीव ते पाणी पितात आणि शीत राहिले तर त्यांच्या घशात अडकते, अशी तेथील श्रद्धा आहे. बाईंच्या घरी आप्पा रोज जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पीत. उष्ट्यात जीव उत्पन्न होऊ नयेत, असे त्यामागचे कारण. कारणे दोन, कृती एक. मुलगा लहानपणी या सवयीला हसत असे. आता तो त्या चार वाडग्यांकडे फार वेळ पाहत उभा राहिला.

मग ते विहाराच्या अंगणात गेले. रंगीत कंदिलांचे छत ओलांडून एका बाजूला आले, तो रंग एकाएकी संपला. तेथील सारे कंदील पांढरे होते. खाली लोंबणाऱ्या पट्ट्याही पांढऱ्या. वाऱ्याने त्या सळसळत होत्या. रंगीत कंदील जिवंत माणसांसाठी असतात, पांढरे गेलेल्यांसाठी. सुनेने हळूच विचारले, ‘आप्पांच्या नावानं एक लावायचा का?’

बाई लगेच काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात संशय नव्हता. देह सुटताच जीव आपल्या कर्मानुसार पुढल्या गतीला जातो. मागे उरलेल्यांनी दिलेले अन्न, पाणी, दिवा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्या केवळ मानत नव्हत्या, त्या विचारानेच त्यांना गेले दहा महिने उभे ठेवले होते. नाही म्हणणे सोपे होते. तेवढ्यात त्यांचे लक्ष मुलाकडे गेले. तो पट्ट्यांवरील नावे वाचत होता. जी माणसे त्याने कधी पाहिली नव्हती, त्यांची नावे एकामागून एक.

‘मी थांबायला हवं होतं का रे तुझ्यासाठी?’ बाईंनी विचारले.

कोणत्या दिवसाविषयी, हे सांगण्याची गरज नव्हती. तो वळला नाही. ‘नाही, आई. तू केलंस ते बरोबरच होतं. आप्पांनीही तेच केलं असतं.’ थोडा वेळ गेला. ‘पण मी आलो तेव्हा सगळं झालं होतं. मला कुठं उभं राहायला जागाच मिळाली नाही.’

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘दिवा त्यांच्यापर्यंत जाणार नाही. हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुला उभं राहायला जागा हवी ना? लाव. मी इथं थांबते.’

नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या वृद्धेने नाव विचारले. मुलाने सवयीने ‘आप्पा’ म्हटले आणि मग पूर्ण नाव सांगण्यासाठी तोंड उघडले; परंतु त्या वृद्धेने मान हलवली होती. कोरियन भाषेत मुले वडिलांना ‘आप्पा’च म्हणतात. मध्ये दुभाष्याची गरज पडली नाही. तिने पूर्ण नाव विचारून पट्टीवर लिहिले आणि दोन्ही हातांनी ती पट्टी त्याला दिली. गेलेल्या जीवाला सुखलोकी जन्म मिळो, अशा अर्थाचे शब्द तीवर आधीच छापलेले होते. मुलाने ते आईला वाचून दाखवले. ‘त्यांचं ते राहू दे,’ बाई म्हणाल्या, ‘आपण आपलं म्हणू.’ कंदील वर चढवला गेला, तेव्हा मुलगा त्याखाली हात जोडून उभा राहिला. बाई चार पावलांवर उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. दिवा त्याचा होता, मंत्र त्यांचा. दोघांपैकी कोणालाही आपले सोडावे लागले नाही.

संध्याकाळी विहाराच्या मनोऱ्यातील वाद्ये वाजू लागली. ती चार असतात. मोठा ढोल जमिनीवरच्या पशूंसाठी, लाकडी मासा पाण्यातल्या जीवांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची पाटी आकाशातल्या पक्ष्यांसाठी आणि घंटा नरकयातना भोगणाऱ्या जीवांसाठी. कोणताही जीव वगळायचा नाही, ही ती कल्पना. क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्या बाईंना ती आपलीच वाटली. ‘ढोल कशाचा असतो?’ त्यांनी विचारले. चामड्याचा, असे उत्तर आले. बाई काही बोलल्या नाहीत. ज्यांच्यासाठी वाजवायचा, त्यांच्याच कातड्याचा ढोल; हे त्यांना पटले नाही आणि पटवून घेण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. लाकडी माशाचा आवाज मात्र त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या माणसाला सारेच आवडले पाहिजे असे नाही. आदराने उभे राहता आले म्हणजे पुरे.

परतताना गाडीत नात झोपी गेली. मुलगा बोलू लागला. त्या श्रावणातील विमानाविषयी, मध्ये आठ तास थांबाव्या लागलेल्या विमानतळाविषयी, तेथे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसल्याविषयी. घर येईपर्यंत तो बोलत होता आणि बाई ऐकत होत्या.

त्या वर्षीच्या दिवाळीत, वीर निर्वाणाच्या पहाटे, मंदिरात निर्वाण लाडू चढवून बाई घरी आल्या आणि त्यांनी ओसरीवर एक गुलाबी कागदी कमळ टांगले. प्रवासात त्याच्या दोन पाकळ्या चेपल्या होत्या. त्यांनी त्या खळ लावून नीट बसवल्या आणि आत बॅटरीचा छोटा दिवा ठेवला. पाठशाळेतील मुले येता-जाता थांबून विचारीत, ‘बाई, हा आकाशकंदील कुठला?’

‘कोरियातला,’ बाई सांगत. ‘बसा, कसा करायचा ते दाखवते.’